ट्यूटोबर्ग जंगलाची लढाई

ट्यूटोबर्ग जंगलाची लढाई ही इ.स. ९ च्या सप्टेंबर महिन्यात रोमन साम्राज्याचे सैन्य आणि जर्मेनिक टोळ्यांची आघाडी यांच्यात आजच्या वायव्य जर्मनीत झालेली लढाई होय. चेरुस्की टोळीचा सरदार आर्मिनियस याच्या नेतृत्वाखालील टोळ्यांनी रोमन प्रांताधिपती पब्लियस क्विन्क्टिलियस व्हॅरस याचे सैन्य कूच करीत असताना जंगल व दलदलीच्या मुलखात गाठले. काही दिवस चाललेल्या या झुंजीत रोमची सतरावी, अठरावी आणि एकोणिसावी अशा तीन लीजन जवळजवळ पूर्णपणे नष्ट झाल्या व व्हॅरसने आत्महत्या केली. रोमन लेखक या घटनेचा उल्लेख ‘व्हॅरसचा संहार’ असा करतात.

या पराभवाचे वैशिष्ट्य असे की, विजयी सेनानी हा रोमन सैन्यातच घडलेला, रोमन नागरिकत्व मिळालेला आणि व्हॅरसच्या विश्वासातला अधिकारी होता. लढाईनंतर ऱ्हाइन नदीच्या पूर्वेकडील रोमन सत्ता कोसळली. ऱ्हाइन ही साम्राज्याची सीमा म्हणून कायम राहण्यामागे हा पराभव हे एक मोठे कारण मानले जाते. मात्र तो निर्णय प्रत्यक्षात काही वर्षांनी, सम्राट टायबीरियसच्या काळात झाला.

== पार्श्वभूमी ==

=== ऱ्हाइनपलीकडील रोमन विस्तार ===

ज्युलियस सीझरने इ.स.पू. ५८ ते ५० या काळात गॉल जिंकल्यानंतर रोमन सत्ता ऱ्हाइन नदीपर्यंत पोहोचली. नदीच्या पूर्वेला अनेक स्वतंत्र टोळ्या राहत होत्या. त्यांना रोमन लोक ‘जर्मन’ असे एकच नाव देत असले, तरी त्यांच्यात कोणतीही राजकीय एकी नव्हती. चेरुस्की, ब्रुक्टेरी, मार्सी, चॅटी व चौकी या त्यांपैकी प्रमुख टोळ्या होत. त्यांचे आपापसात वैर असे, आणि एकाच टोळीतही रोमशी सख्य राखणारे व रोमला विरोध करणारे असे गट असत.

सीमेवरील छापे थांबविण्यासाठी व साम्राज्याचा विस्तार करण्यासाठी सम्राट ऑगस्टसने आपला सावत्र पुत्र ड्रुसस याला पूर्वेकडे पाठविले. इ.स.पू. १२ ते ९ या काळात ड्रुसस एल्ब नदीपर्यंत जाऊन पोहोचला. परतीच्या वाटेवर घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतीने त्याचा मृत्यू झाला. त्याचा थोरला भाऊ टायबीरियस याने हे काम पुढे नेले. इ.स. ५ मध्ये रोमन आरमार व पायदळ पुन्हा एल्बच्या काठी पोहोचले.

या काळात लिप्पे नदीच्या खोऱ्यात हाल्टर्न व आनरेपेन यांसारख्या ठिकाणी रोमन छावण्या उभ्या राहिल्या. नव्या वस्त्या वसविल्या जात होत्या आणि स्थानिक लोक बाजारहाट व शांततेच्या व्यवहारांना सरावत होते, असे इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. आजच्या हेसे राज्यातील वाल्डगिर्मेस येथील उत्खननाने त्याच्या विधानाला आधार मिळाला. तेथे दगडी पायावरील सभागृह व चौक असलेल्या एका नगराचे अवशेष सापडले असून, २००९ मध्ये तेथील विहिरीतून सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्य अश्वारूढ पुतळ्यातील घोड्याचे शिर मिळाले. म्हणजेच हा मुलूख केवळ लष्करी ताब्यात नव्हता, तर त्याचे प्रांतात रूपांतर करण्याचे काम सुरू झाले होते.

=== पॅनोनियातील बंड ===

इ.स. ६ मध्ये टायबीरियस मार्कोमानी टोळीचा राजा मारोबोडुअस याच्यावर मोठी चाल करण्याच्या तयारीत होता. त्याच सुमारास डॅन्यूब व एड्रियाटिक समुद्र यांच्या दरम्यानच्या पॅनोनिया व डाल्मेशिया या भागांत मोठे बंड उसळले. मोहीम सोडून टायबीरियसला तिकडे वळावे लागले. बंड मोडायला तीन वर्षे लागली व रोमचे बहुतांश सैन्यबळ त्यात गुंतून पडले. या बंडाचे पुढारीही रोमन सैन्यात पूरक दले पुरविणाऱ्या टोळ्यांतलेच होते. जर्मेनियात मात्र या काळात शांतता दिसत होती आणि तेथील कारभार व्हॅरसकडे सोपविण्यात आला.

== प्रमुख व्यक्ती ==

=== व्हॅरस ===

व्हॅरस हा जुन्या पॅट्रिशियन घराण्यातील व सम्राटाच्या कुटुंबाशी विवाहसंबंधाने जोडलेला होता. इ.स.पू. १३ मध्ये तो टायबीरियससोबत कॉन्सल होता. पुढे आफ्रिका व सीरिया या महत्त्वाच्या प्रांतांचा कारभार त्याने पाहिला. इ.स.पू. ४ मध्ये हेरॉड राजाच्या मृत्यूनंतर जूडियात उठलेले बंड त्याने कठोरपणे मोडून काढले. त्या वेळी सुमारे २,००० लोकांना क्रुसावर चढविण्यात आले, असे जोसेफस हा इतिहासकार नोंदवितो.

इ.स. ७ च्या सुमारास तो जर्मेनियात आला. डिओच्या म्हणण्यानुसार, त्याने तेथील लोकांना जिंकलेल्या प्रजेप्रमाणे वागवून त्यांच्याकडून कर वसूल करण्यास सुरुवात केली. व्हेलियस पॅटरक्युलस हा त्याच्यावर वेगळा ठपका ठेवतो. तलवारीने न नमलेल्या लोकांना न्यायनिवाड्याने वळण लावता येईल असे मानून व्हॅरसने मोहिमेचा हंगाम न्यायदानात घालविला, असे तो लिहितो. पराभवाचे खापर एकट्या व्हॅरसच्या माथी फोडणे हे रोमन राजघराण्याच्या सोयीचे होते. त्यामुळे ही वर्णने जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत, असे आधुनिक इतिहासकारांचे मत आहे. प्रांत उभारणीचे धोरण मुळात ऑगस्टसचे होते. व्हॅरस ते अंमलात आणत होता.

=== आर्मिनियस ===

आर्मिनियस हा चेरुस्की सरदार सेजिमेर याचा पुत्र. लढाईच्या वेळी त्याचे वय पंचविशीच्या आसपास होते. आपल्या टोळीच्या दलाचा नायक म्हणून त्याने रोमन सैन्यात चाकरी केली होती. त्याला लॅटिन भाषा येत असे. रोमन नागरिकत्वासोबतच ‘इक्वेस्ट्रियन’ हा सेनेटरांच्या खालोखालचा मानाचा दर्जाही त्याला मिळाला होता. रोमन सैन्याची शिस्त, कूच करण्याची रीत आणि त्याच्या मर्यादा त्याने आतून पाहिल्या होत्या. त्याचा भाऊ फ्लॅव्हस हा अखेरपर्यंत रोमच्या बाजूने लढत राहिला.

== सैन्यबळ ==

व्हेलियसच्या नोंदीनुसार व्हॅरसबरोबर तीन लीजन, घोडदळाची तीन पथके व पूरक पायदळाच्या सहा तुकड्या होत्या. पूर्ण भरतीच्या लीजनमध्ये सुमारे ५,००० सैनिक असत. परंतु काही सैनिक ठिकठिकाणच्या ठाण्यांवर विखुरलेले होते. हे लक्षात घेता, एकूण रोमन सैन्य १५,००० ते २०,००० असावे, असा अंदाज केला जातो. याखेरीज सैन्यासोबत नोकर, व्यापारी, स्त्रिया व मुले असे बाजारबुणगेही होते. टोळ्यांच्या सैन्याची विश्वसनीय संख्या कोणत्याही साधनात मिळत नाही. सुरुवातीला ती मोठी नव्हती व यश दिसू लागताच लुटीच्या आशेने इतर लोक येऊन मिळत गेले, असे डिओच्या वर्णनावरून दिसते.

== लढाई ==

=== कट व कूच ===

इ.स. ९ च्या उन्हाळ्यात व्हॅरसचा तळ वेसर नदीच्या परिसरात, चेरुस्कींच्या मुलखात होता. आर्मिनियस व सेजिमेर हे त्याच्या पंक्तीला बसत असत. हिवाळी छावण्यांकडे परतण्याच्या सुमारास दूरच्या एका टोळीने बंड केल्याची बातमी आली. हे बंड कटाचाच भाग होते. वाटेत ते मोडून पुढे जावे म्हणून व्हॅरसने ओळखीचा मार्ग सोडला.

चेरुस्कींपैकी सेजेस्टीस हा दुसरा सरदार रोमनिष्ठ होता. त्याने व्हॅरसला कटाची कल्पना दिली आणि आर्मिनियससह सर्व सरदारांना, त्यात स्वतःलाही, अटक करावी असे सुचविले. व्हॅरसने ते मानले नाही. सेजेस्टीस व आर्मिनियस यांचे वैर सर्वज्ञात असल्याने हा इशारा त्याला घरगुती भांडणातला आरोप वाटला असावा.

कूच सुरू झाल्यावर सरदार काही अंतर सोबत गेले आणि मदतीसाठी दले गोळा करून आणतो, असे सांगून निघून गेले. ती दले आधीच सज्ज होती. टोळ्यांच्या मुलखात ठेवलेल्या रोमन तुकड्यांची कत्तल करून ते मुख्य सैन्याच्या मागावर आले.

=== हल्ला ===

लढाईचे सर्वांत सविस्तर वर्णन डिओने केले आहे. दऱ्याखोऱ्यांच्या दाट जंगलातून जाताना सैनिकांना झाडे तोडून वाट करावी लागत होती व ओढ्यांवर पूल बांधावे लागत होते. शत्रूचे भय नसल्याने सैनिक, गाडे आणि बाजारबुणगे एकमेकांत मिसळून चालले होते. त्यामुळे सैन्याची रांग फार लांब पसरली. त्यातच वादळी पाऊस सुरू झाला. जमीन निसरडी झाली व झाडांच्या फांद्या मोडून पडू लागल्या.

अशा वेळी टोळ्यांनी चहूबाजूंनी हल्ला केला. प्रथम त्यांनी लांबून भाले फेकले आणि प्रतिकार दुबळा आहे असे दिसताच ते जवळ येऊन भिडले. रोमन लीजनचे बळ मोकळ्या मैदानात रांगा धरून लढण्यात होते. येथे रांग धरायला जागा नव्हती, आणि एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाला कळत नव्हते. तशाही स्थितीत रोमनांनी एका झाडीच्या उंचवट्यावर छावणी उभारली व बहुतेक गाडे आणि अनावश्यक सामान जाळले किंवा मागे टाकले.

दुसऱ्या दिवशी ते अधिक शिस्तीने निघाले व मोकळ्या भूमीपर्यंत पोहोचले. परंतु पुढे पुन्हा जंगल लागले. अरुंद जागेत घोडदळ व पायदळ एकत्र चाल करू लागले, तेव्हा ते एकमेकांवरच आदळले. त्यानंतरही पाऊस थांबला नाही. भिजलेल्या ढाली जड झाल्या, धनुष्ये निकामी झाली. हलकी शस्त्रे बाळगणाऱ्या टोळ्यांना त्याचा त्रास कमी झाला.

=== शेवट ===

घोडदळाचा अधिकारी न्यूमोनियस व्हाला हा पायदळाला सोडून ऱ्हाइनच्या दिशेने पळाला, पण तोही वाटेत मारला गेला. जखमी व्हॅरसने व काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी जिवंत पकडले जाण्याऐवजी स्वतःचा जीव घेतला. छावणीच्या दोन अधिकाऱ्यांपैकी लुसियस एगियस लढत राहिला, तर सिओनियसने शरणागती पत्करली. पकडलेल्या अधिकाऱ्यांपैकी काहींचा देवतांना बळी देण्यात आला. अनेक सैनिक गुलाम झाले. त्यांपैकी काहींची सुटका थेट इ.स. ५० मध्ये, चाळीस वर्षांच्या गुलामीनंतर झाल्याची नोंद टॅसिटसने केली आहे.

तिन्ही लीजनचे गरुडध्वज शत्रूच्या हाती पडले. व्हॅरसचे शिर आर्मिनियसने मारोबोडुअसकडे पाठविले. त्याने या युतीत सामील होण्यास नकार देत ते रोमला पाठवून दिले, व ऑगस्टसने ते व्हॅरसच्या कुटुंबाच्या दफनस्थानी पुरविले.

== परिणाम ==

=== तात्कालिक परिणाम ===

ऱ्हाइनच्या पूर्वेकडील रोमन ठाणी एकामागून एक पडली. आलिसो या किल्ल्यातील शिबंदीने मात्र लुसियस सिडिसियसच्या नेतृत्वाखाली वेढा सोसला व संधी साधून ती ऱ्हाइनकडे निसटली. व्हॅरसचा भाचा लुसियस नोनियस आस्प्रेनास याने आपल्या दोन लीजनसह खालच्या ऱ्हाइनकडे धाव घेऊन नदीकाठ सांभाळला. त्यामुळे गॉलवर स्वारी होण्याचा धोका टळला.

पॅनोनियातील विजयानंतर अवघ्या पाच दिवसांत पराभवाची वार्ता येऊन धडकली. स्युटोनियसच्या सांगण्यानुसार ऑगस्टसने कित्येक महिने केस व दाढी कापली नाही. तो दारावर डोके आपटून व्हॅरसकडे आपल्या लीजन परत मागत असे, आणि पराभवाचा दिवस दरवर्षी दुखवट्याचा म्हणून पाळत असे. रोममधील जर्मन अंगरक्षक दूर करण्यात आले. सैन्यभरतीला पुरेसे नागरिक पुढे येईनात, तेव्हा मुक्त केलेल्या गुलामांनाही भरती करावे लागले. साम्राज्याच्या २८ लीजनपैकी आता २५ उरल्या. १७, १८ व १९ हे क्रमांक रोमन सैन्यात पुन्हा कोणत्याही लीजनला देण्यात आले नाहीत.

=== जर्मेनिकसच्या मोहिमा ===

इ.स. १४ मध्ये टायबीरियस सम्राट झाला. ड्रुससचा पुत्र जर्मेनिकस याने ऱ्हाइनवरील आठ लीजनच्या बळावर इ.स. १४ ते १६ या काळात पूर्वेकडे मोहिमा केल्या. इ.स. १५ मध्ये तो पराभवाच्या स्थळी पोहोचला. तेथे व्हॅरसची पहिली प्रशस्त छावणी, त्यापुढे उरलेल्या सैनिकांनी घाईने रचलेला अर्धवट तट, उघड्यावर पसरलेली हाडे आणि झाडांच्या खोडांना ठोकलेल्या कवट्या दिसल्या, असे वर्णन टॅसिटस करतो. लढाईतून वाचलेले सैनिक कोठे काय घडले ते दाखवीत होते. आपण आप्तांच्या अस्थी पुरत आहोत की परक्यांच्या, हे कोणालाच कळत नसताना सैनिकांनी सहा वर्षांनंतर त्या अस्थींना मूठमाती दिली.

एकोणिसाव्या लीजनचा गरुडध्वज त्याच वर्षी ब्रुक्टेरींकडून व दुसरा ध्वज इ.स. १६ मध्ये मार्सींकडून परत मिळाला. तिसरा सम्राट क्लॉडियसच्या काळात, इ.स. ४१ मध्ये हाती आला. इ.स. १६ मध्ये वेसरजवळील इडिस्टाव्हिसो येथे जर्मेनिकसने आर्मिनियसचा पराभव केला. पण परतताना त्याच्या आरमाराची वादळात मोठी हानी झाली. आणखी एका वर्षाची मुदत त्याने मागितली. टायबीरियसने ती नाकारून त्याला परत बोलावले. टोळ्यांना त्यांच्या आपसातील कलहांवर सोडून द्यावे, असे सम्राटाचे मत होते.

=== सीमेचा प्रश्न ===

या एका लढाईने युरोपचा नकाशा ठरला, असे पूर्वी मानले जाई. आजचे अभ्यासक याबाबत अधिक सावध आहेत. जर्मेनिकसच्या मोहिमांवरून रोमकडे पुन्हा आक्रमण करण्याची ताकद होती, हे दिसते. मात्र ज्या मुलखात मोठी शहरे नाहीत, धान्याचा मोठा साठा मिळत नाही आणि एका राजाचा पराभव करून सर्वांना नमविता येत नाही, तो मुलूख राखण्याचा खर्च त्यापासून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या मानाने फार होता. पराभवाने हा हिशेब रोमपुढे उघड केला. पुढील काळात रोमने ऱ्हाइन व डॅन्यूब यांच्या वरच्या भागातील काही प्रदेश साम्राज्यात घेतला, तसेच इ.स. तिसऱ्या शतकातही रोमन सैन्य जर्मेनियात खोलवर गेल्याचे लोअर सॅक्सनीतील हार्त्सहॉर्न येथील अवशेषांवरून सिद्ध झाले आहे. परंतु एल्बपर्यंत प्रांत उभारण्याचा प्रयत्न पुन्हा झाला नाही.

== आर्मिनियसचा शेवट ==

विजयानंतरही टोळ्यांची एकी टिकली नाही. आर्मिनियसने सेजेस्टीसच्या इच्छेविरुद्ध त्याची कन्या थुस्नेल्डा हिच्याशी विवाह केला होता. इ.स. १५ मध्ये सेजेस्टीसने स्वतःच आपल्या गरोदर कन्येला रोमनांच्या हवाली केले. कैदेत जन्मलेला तिचा पुत्र थुमेलिकस रावेन्ना येथे वाढला. इ.स. १७ मध्ये रोममध्ये निघालेल्या जर्मेनिकसच्या विजययात्रेत या मायलेकरांची धिंड काढण्यात आली. त्याच वर्षी आर्मिनियस व मारोबोडुअस यांच्यात युद्ध झाले. पुढे आर्मिनियस राजपदाची आकांक्षा धरतो आहे, असा संशय बळावला व इ.स. २० च्या सुमारास त्याच्या नातलगांनीच त्याला ठार केले. टॅसिटसने त्याला जर्मेनियाचा मुक्तिदाता म्हणून गौरविले आहे.

== ऐतिहासिक साधने ==

या लढाईविषयीची सर्व लिखित साधने रोमन बाजूची आहेत. टोळ्यांची स्वतःची कोणतीही नोंद उपलब्ध नाही. व्हेलियस पॅटरक्युलसने टायबीरियसच्या हाताखाली जर्मेनियात काम केले होते. तो काळाने जवळचा, पण टायबीरियसचा प्रशंसक आहे. टॅसिटसने इ.स. दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिले. त्याने लढाईचे नव्हे, तर जर्मेनिकसने पाहिलेल्या रणभूमीचे वर्णन केले आहे. डिओचा वृत्तान्त सर्वांत सविस्तर असला, तरी तो घटनेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी लिहिला गेला. फ्लोरसच्या मते व्हॅरस न्यायनिवाडा करीत असताना छावणीवरच हल्ला झाला. हे डिओच्या वर्णनाशी जुळत नाही.

लढाईचा समकालीन पुरावा म्हणजे क्सांटेन येथे सापडलेली मार्कस सिलियस याची स्मृतिशिला होय. बोलोन्याचा हा ५३ वर्षांचा सेंच्युरियन अठराव्या लीजनमध्ये होता. तो व्हॅरसच्या युद्धात पडल्याचा उल्लेख त्यावर असून, त्याच्या अस्थी मिळाल्यास त्या येथे ठेवण्याची मुभा त्याच्या भावाने कोरून ठेवली आहे. ही शिला आता बॉन येथील संग्रहालयात आहे.

== रणभूमीचा शोध ==

‘ट्यूटोबर्ग जंगल’ हे नाव प्राचीन साहित्यात फक्त टॅसिटसच्या लेखनात एकदाच येते. आज या नावाने ओळखली जाणारी डोंगररांग पूर्वी ‘ओस्निंग’ म्हणून ओळखली जाई. तिला प्राचीन नाव देण्याची प्रथा सतराव्या शतकापासून रूढ झाली. रणभूमी कोठे असावी, याविषयी शेकडो तर्क मांडले गेले. १८८५ मध्ये इतिहासकार थिओडोर मॉमसेन यांनी ओस्नाब्र्युकच्या उत्तरेला सापडलेल्या नाण्यांच्या आधारे तो परिसर सुचविला होता.

१९८७ मध्ये ब्रिटिश सैन्यातील अधिकारी टोनी क्लन यांना त्याच भागातील काल्क्रीझ येथे रोमन चांदीची नाणी व गोफणीच्या शिशाच्या गोळ्या सापडल्या. त्यानंतर पुरातत्त्वज्ञ वोल्फगांग श्ल्युटर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन सुरू झाले. टेकडी व विस्तीर्ण दलदल यांच्यामधील चिंचोळ्या पट्ट्यात शस्त्रांचे तुकडे, अवजारे, लोखंडी मुखवटा, एक मातीचा तट आणि माणसांची व खेचरांची एकत्र पुरलेली हाडे मिळाली. ही हाडे पुरण्यापूर्वी काही वर्षे उघड्यावर पडून होती, हे तपासणीत आढळले. काही नाण्यांवर व्हॅरसच्या नावाचा ठसा आहे, आणि इ.स. ९ नंतरचे नाणे मिळालेले नाही.

या पुराव्यांमुळे बहुतेक अभ्यासक काल्क्रीझला लढाईच्या शेवटच्या टप्प्यातील एक स्थळ मानतात. तथापि मातीचा तट टोळ्यांनी हल्ल्यासाठी रचला होता की तो रोमन छावणीचा भाग होता, याबद्दल वाद आहे. हे अवशेष जर्मेनिकसच्या मोहिमांतील एखाद्या लढाईचे असावेत, असेही काहींचे मत आहे.

== नंतरच्या काळातील प्रतिमा ==

टॅसिटसच्या ग्रंथातील या घटनांचा भाग सोळाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा उजेडात आला व १५१५ मध्ये छापला गेला. रोमच्या पोपशी संघर्ष सुरू असलेल्या जर्मन विद्वानांना आर्मिनियसच्या रूपाने रोमविरुद्ध लढलेला पूर्वज सापडला. उल्रिख फॉन हुटेन याने त्याच्यावर संवाद लिहिला, आणि ‘हेर्मान’ हे त्याचे जर्मन नाव रूढ झाले. नेपोलियनच्या काळात हाइनरिख फॉन क्लाइस्टने याच विषयावर नाटक लिहिले. त्यातील रोमन हे समकालीन फ्रेंचांचे प्रतीक होते.

डेटमोल्डजवळील हेर्मान स्मारकाचे काम शिल्पकार अर्न्स्ट फॉन बांडेल याने १८३८ मध्ये सुरू केले. जर्मनीच्या एकीकरणानंतर, १८७५ मध्ये, सम्राट पहिला विल्हेल्म याच्या उपस्थितीत त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ५३ मीटर उंचीच्या या स्मारकावरील पुतळ्याची तलवार उगारलेली आहे. विसाव्या शतकात नाझी राजवटीनेही या प्रतिमेचा प्रचारासाठी वापर केला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत आर्मिनियसकडे राष्ट्रवीर म्हणून पाहण्याची वृत्ती ओसरली. आर्मिनियसच्या काळी ‘जर्मन राष्ट्र’ ही कल्पनाच नव्हती, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले. २००९ मध्ये लढाईला २,००० वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने हाल्टर्न, काल्क्रीझ व डेटमोल्ड या तीन ठिकाणी संयुक्त प्रदर्शन भरविण्यात आले. त्यात साम्राज्य, संघर्ष आणि दंतकथा असे तीन विषय स्वतंत्रपणे मांडण्यात आले होते. काल्क्रीझ येथे आता संग्रहालय व पुरातत्त्वीय उद्यान आहे.